तुमचे प्रश्न: अमेरिकेतला फेडरल जज एकटा एवढं सगळं कसं काय ठरवतो?

या वेळी पत्रं आणि मेसेज बघितले तर अर्ध्याहून जास्त एकाच विषयावर होते, अमेरिकेतली फेडरल ट्रायल कोर्टं आणि तिथे बसणारे जज. घराघरातलं कोणी ना कोणी तिकडे आहे आणि रोजच्या बातम्यांत या जजांची नावं येतायत, त्यामुळे हे साहजिकच आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, या वेळी फक्त हेच.

प्रश्न: बातम्यांत सारखं येतं की कुठल्यातरी एका जजने राष्ट्राध्यक्षांचा आदेश थांबवला. सुप्रीम कोर्टाने नाही, खालच्या कोर्टातल्या एकट्या माणसाने. त्याला हा अधिकार दिला कोणी?

काका, आधी तिथली रचना बघू, मग बाकीचं आपोआप कळेल. अमेरिकेत कोर्टांच्या दोन यंत्रणा शेजारी शेजारी चालतात, एक प्रत्येक राज्याची आणि एक केंद्राची म्हणजे फेडरल. घटस्फोट, घरभाड्याची भांडणं, चोऱ्यामाऱ्या, बहुतेक खुनाचे खटले हे सगळं राज्यांच्या कोर्टात जातं. फेडरल कोर्टात येतं ते केंद्राच्या कायद्यातलं, घटनेतलं, केंद्र सरकारवरचे दावे, पेटंट, आणि दोन वेगळ्या राज्यांतल्या माणसांमधला ७५,००० डॉलरपेक्षा मोठा वाद. या फेडरल यंत्रणेची पहिली पायरी म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्ट. साक्षीपुरावे इथेच होतात, ज्युरी (म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारे सामान्य नागरिक) इथेच बसते. वरची अपील कोर्टं आणि सुप्रीम कोर्ट सहसा कागद वाचतात आणि वकिलांना ऐकतात, पण साक्षीदार समोर बसवून त्याला ऐकणारा जज हाच.

१७८९ च्या कायद्याने अशी १३ डिस्ट्रिक्ट केली होती, आज ९४ आहेत. डिस्ट्रिक्ट म्हटल्यावर लहानसा भाग डोळ्यासमोर आणू नका, अख्खं न्यू जर्सी एक डिस्ट्रिक्ट आहे, अख्खं अलास्का एक आहे, तर कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यूयॉर्कचे प्रत्येकी चार तुकडे केलेत. जजांच्या एकूण जागा पावणेसातशेच्या आसपास, म्हणजे एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने फार नाहीत.

आता आदेश थांबवण्याचं. सरकारने काही केलं आणि त्यामुळे माझं नुकसान होतंय, ते घटनेविरुद्ध आहे असं कोणाला वाटलं तर तो थेट सुप्रीम कोर्टात जाऊ शकत नाही, त्याला आधी डिस्ट्रिक्ट कोर्टातच जावं लागतं. मग तो जज दोन्ही बाजू ऐकतो आणि केस संपेपर्यंत थांबा असा मनाई हुकूम देऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वाबद्दल राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला तो तीन दिवसांत सिएटलच्या जॉन कफनॉर यांनी अडवला, आणि हे जज १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी नेमलेले, म्हणजे नेमणुकीला चाळीसहून जास्त वर्षं झालेली. मग प्रश्न असा आला की एक जज समोरच्या पक्षकारापुरता हुकूम देणार की सगळ्या देशाला लागू होईल असा. २७ जून २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की सरसकट देशभर लागू होणारे हुकूम देण्याचा अधिकार या जजांना बहुधा नाही. पण त्याच निकालात एकसारखी अडचण असलेल्या सगळ्या लोकांच्या वतीने एकत्र दावा करायचा रस्ता उघडा राहिला होता, आणि दोन आठवड्यांच्या आत न्यू हॅम्पशायरमधल्या जोसेफ लाप्लांट यांनी तोच रस्ता धरून पुन्हा तो आदेश थांबवला. यांना धाकट्या बुश यांनी नेमलेलं.

तर अधिकार आहे, पण तो मोकाट नाही. अशा हुकमावर अपील करता येतं, तिथे तीन जज बसतात, त्याच्यावर सुप्रीम कोर्ट. आणि जजला लेखी कारणं द्यावी लागतात, ती कोणालाही वाचता येतात. मला विचाराल तर त्या कारणांमध्येच या पदाची खरी ताकद आहे, कारण वरचं कोर्ट त्याच कागदावर बोट ठेवून चूक की बरोबर ते सांगतं.

प्रश्न: फेडरल जज व्हायला परीक्षा असते का? मुलगी तिकडे लॉ करतेय, तिला सांगायचंय.

परीक्षा नाही ताई. आणि वाचून आश्चर्य वाटेल, पण अमेरिकेच्या घटनेत या पदासाठी वयाची, शिक्षणाची कसलीच अट लिहिलेली नाही, कायद्याची पदवी हवी असंसुद्धा नाही. प्रत्यक्षात मात्र वकिलीत खूप वर्षं काढलेली माणसंच येतात, त्यात सरकारी वकील बरेच, राज्याच्या कोर्टातले जज, मोठ्या फर्ममधले वकील, हल्ली आरोपींच्या बाजूने लढणारे सरकारी डिफेंडरसुद्धा. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, एफबीआय मागचं सगळं तपासते, सिनेटच्या (म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) न्यायविषयक समितीपुढे प्रश्नोत्तरं होतात आणि शेवटी सिनेट मत देते. यात एक जुनी पद्धत आहे, त्या राज्याच्या दोन सिनेटरांना निळा कागद पाठवतात आणि त्यांनी तो होकार देऊन परत केला नाही तर डिस्ट्रिक्ट जजचं नाव सहसा पुढे सरकतच नाही. म्हणजे राजकारण यात आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मुलीला एवढं सांगा की पदवी झाल्या झाल्या अशा एखाद्या जजच्या ऑफिसमध्ये वर्ष दोन वर्षं लॉ क्लर्क म्हणून काम मिळतं का ते बघ. क्लर्क म्हटलं तरी ते फायली लावायचं काम नाही, केसचा अभ्यास करायचा, निकालाचा पहिला मसुदा लिहायचा, जजशी वाद घालायचा. तिथे जेवढं शिकायला मिळतं तेवढं दुसरीकडे क्वचितच मिळत असेल, आणि चुरसही तशीच जबरदस्त असते.

प्रश्न: आयुष्यभर नोकरी, रिटायरमेंटच नाही, हे धोकादायक नाही का? म्हातारपणी डोकं चाललं नाही तर? पैसे खाल्ले तर?

रास्त शंका आहे. घटनेत लिहिलंय की वागणूक चांगली आहे तोवर पद राहील आणि पदावर असताना पगार कमी करता येणार नाही. दोनच ओळी, पण सगळी इमारत त्यावर उभी आहे. (ग्वाम, व्हर्जिन आयलंड्स आणि नॉर्दर्न मारियाना इथल्या जजांना मात्र दहा वर्षांचीच मुदत असते.)

वयाचं असं की ६५ वर्षं पूर्ण आणि १५ वर्षं सेवा झाली की जज सीनियर होऊ शकतो, म्हणजे जागा रिकामी होते, नवीन जज येतो, आणि हा पूर्ण पगारावर हवं तेवढंच काम घेतो. बरेच जण तेव्हाही भरपूर काम करतात आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय ही कोर्टं चालणार नाहीत. कॅन्ससमधले वेस्ली ब्राऊन यांना केनेडींनी १९६२ मध्ये नेमलं आणि ते वयाच्या १०४ व्या वर्षापर्यंत केसेस बघत होते, जानेवारी २०१२ मध्ये गेले तेव्हाही पदावरच.

गैरवर्तनाचं म्हणाल तर महाभियोग हाच काढून टाकायचा रस्ता. हाऊसने म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने आरोप ठेवायचे, सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं. आजवर सगळ्या पातळ्यांवरचे मिळून १५ फेडरल जज त्यात सापडले आणि ८ जणांना प्रत्यक्ष काढलं, पहिले न्यू हॅम्पशायरचे जॉन पिकरिंग १८०४ मध्ये आणि सगळ्यात अलीकडचे लुईझियानाचे थॉमस पोर्टियस २०१० मध्ये. नेवाडाचे हॅरी क्लेबॉर्न तर कर चुकवल्याबद्दल तुरुंगात बसूनसुद्धा पगार घेत होते कारण राजीनामा दिला नव्हता, शेवटी १९८६ मध्ये सिनेटने काढलं. फ्लोरिडाचे अॅल्सी हेस्टिंग्ज यांना १९८९ मध्ये काढलं आणि १९९२ मध्ये तेच लोकांनी निवडून दिल्यामुळे हाऊसमध्ये जाऊन बसले, आणि २०२१ मध्ये मरेपर्यंत तिथेच होते.

ही किंमत आहेच, आणि ती कमी नाही. तरी मला ती द्यावीशी वाटते, का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: ज्या राष्ट्राध्यक्षाने नेमलं त्याच्या बाजूनेच जज निकाल देणार ना? मग न्याय कसला?

हा प्रश्न चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय आणि दोघांच्या स्वरात चांगलाच राग आहे. नेमणारा कोण याचा काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही, गर्भपात, बंदुका, इमिग्रेशन अशा विषयांत जजची मूळची विचारसरणी निकालात दिसते, आणि वकीलही आपल्याला सोयीचा जज मिळेल असं कोर्ट शोधून केस टाकतात. हे थांबवायला बहुतेक कोर्टांत केसेस चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कॉम्प्युटरने वाटतात, पण काही भागांत एका गावात एकच जज बसतो, तिथे केस टाकली की तोच मिळणार हे ठरलेलं. हे सिस्टीममधलं खरं भोक आहे आणि ते बुजवायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण एकदा खुर्चीत बसल्यावर नेमणाऱ्याच्या हातात काही राहत नाही, ना बदली, ना काढून टाकणं, ना पगार. म्हणून काय काय घडलंय ते बघा. वॉटरगेटची केस, म्हणजे विरोधी पक्षाच्या ऑफिसातली घुसखोरी आणि ती दडपण्याचं प्रकरण, वॉशिंग्टनच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात जॉन सिरिका यांच्यापुढे होती. रिपब्लिकन माणूस, आयझेनहॉवर यांनी नेमलेला, आणि रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सनना त्यांच्या ऑफिसातल्या संभाषणांच्या टेप्स द्या असा हुकूम त्यांनीच केला. सुप्रीम कोर्टाने जुलै १९७४ मध्ये आठ विरुद्ध शून्य असं त्याला उचलून धरलं आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

मला मात्र सगळ्यात जास्त भिडतो तो अलाबामाचा फ्रँक जॉन्सन. हाही आयझेनहॉवर यांनीच १९५५ मध्ये नेमलेला, वय फक्त ३७, माँटगोमेरी शहरात कोर्ट. त्याच डिसेंबरमध्ये रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना गोऱ्या माणसासाठी बसमधली सीट सोडली नाही म्हणून अटक झाली आणि शहरातल्या कृष्णवर्णीय लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. बसमध्ये गोरे आणि काळे वेगळे बसवायचा कायदा घटनेत बसतो का हा प्रश्न तीन जजांपुढे आला, त्यात जॉन्सन होते, आणि जून १९५६ मध्ये त्यांनी आणि रिचर्ड राइव्ह्ज यांनी दोन विरुद्ध एक असा निकाल दिला की बसत नाही. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला आणि वर्षभर पायी चाललेली माणसं पुन्हा बसमध्ये बसली, हवी तिथे. पुढे १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग आणि बाकीच्यांना माँटगोमेरीपर्यंत चालत जायचा हक्क आहे असा हुकूम १७ मार्चला याच जॉन्सननी दिला आणि चार दिवसांनी मोर्चा निघाला. राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हा त्यांचा लॉ कॉलेजमधला मित्र, तो जाहीर सभांमधून त्यांना शिव्या घालायचा.

विचार करा, त्याच गावात राहायचं, त्याच लोकांमध्ये. घराच्या आवारात क्रॉस जाळला गेला, १९६७ मध्ये आईच्या घरावर बॉम्ब टाकला, नशिबाने ती वाचली. हा माणूस जर निवडणूक लढवून जज झाला असता तर पुढच्याच निवडणुकीत गेला असता. गव्हर्नरच्या हातात असता तर दुसऱ्या दिवशी गेला असता. आयुष्यभराच्या नेमणुकीत पाच-दहा वाईट माणसं पोसली जातात हे खरं आहे, पण तीच नेमणूक नसती तर अलाबामातल्या त्या बसेस कधी बदलल्या असत्या ते सांगता येत नाही. साउथ कॅरोलिनाच्या वेटीज वॉरिंग यांचंही असंच, चार्ल्सटनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यातले. १९५१ मध्ये शाळांच्या केसमध्ये तीन जजांत ते एकटे पडले, पण लिहून ठेवलं की वेगळं बसवणं हीच मुळात असमानता आहे, आणि तीन वर्षांनी सुप्रीम कोर्ट त्याच निष्कर्षाला आलं. तोवर गावाने इतकं वाळीत टाकलं होतं की निवृत्त होऊन ते न्यूयॉर्कला निघून गेले होते.

म्हणून नेमणारा कोण एवढ्यावरून जजला मोजू नका, निकालातली कारणं वाचा आणि मग रागवा.

प्रश्न: माझ्या बहिणीने गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली, ती एका फेडरल जजसमोर. हे जज अशीही कामं करतात? दिवसभर नेमकं काय करतात?

अभिनंदन सांगा ताईंना! हो, परदेशातून आलेल्यांना नागरिक करून घ्यायचं काम कोर्टांकडे १७९० पासून आहे, आणि ज्यांच्या टेबलावर रोज भांडणं आणि शिक्षाच येतात त्यांच्यासाठी हा वर्षातला मोजक्या आनंदाच्या कामांपैकी एक.

बाकी दिवस म्हणजे बराचसा कागद. सिनेमात दाखवतात तसे ज्युरीपुढचे खटले फार कमी होतात, फेडरल गुन्ह्यांत दहातले जवळपास नऊ आरोपी गुन्हा कबूल करतात. मग जजचं काम काय राहतं, तर तो कबुली समजून उमजून देतोय का हे त्याला समोर उभं करून एकेक प्रश्न विचारून तपासायचं, आणि नंतर शिक्षा ठरवायची. शिक्षेसाठी मोठा तक्ता आहे, गुन्हा किती गंभीर आणि आधीची नोंद काय यावरून महिने निघतात. आधी तो बंधनकारक होता, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो फक्त सल्ला धरा, तेव्हापासून ओझं पुन्हा जजच्या डोक्यावर आलं. आरोपीला शिक्षेआधी बोलायचा हक्क असतो, मागे बाकावर त्याची आई, बायको, मुलं बसलेली असतात, दुसऱ्या बाजूला ज्याचं नुकसान झालं ते कुटुंब. आणि आकडा एकट्यानेच सांगायचा असतो. बरेच जज सांगतात की या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम हेच.

मदतीला मॅजिस्ट्रेट जज असतात, त्यांना डिस्ट्रिक्ट जजच आठ वर्षांसाठी नेमतात, वॉरंट, जामीन, पहिली हजेरी हे ते बघतात. दिवाळखोरीसाठी वेगळे जज, १४ वर्षांच्या मुदतीचे.

प्रश्न: पगार किती?

२०२५ मध्ये वर्षाला २,४७,४०० डॉलर, सगळ्या डिस्ट्रिक्ट जजांना सारखाच, नवा असो की तीस वर्षं जुना. मोठा वाटतो, पण न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये कॉलेजातून नुकतीच आलेली मुलं २,२५,००० ने सुरुवात करतात. म्हणजे चांगले वकील पैसा सोडूनच इथे येतात.

प्रश्न: भारतीय वंशाचे कोणी आहेत का?

आहेत की. पहिले अमूल थापर, केंटकीत, २००८ पासून, आता ते वरच्या अपील कोर्टात आहेत. २०१४ हे वर्ष तर फारच चांगलं गेलं, बोस्टनला इंदिरा तलवानी, शिकागोला मनीष शाह, सॅन फ्रान्सिस्कोला विन्स छाब्रिया आणि वॉशिंग्टनला अमित मेहता, सगळे त्याच वर्षी आले. मेहतांचा जन्म गुजरातमधल्या पाटणचा, आणि गूगलने सर्चमध्ये बेकायदा मक्तेदारी टिकवली हा ऑगस्ट २०२४ चा निकाल त्यांचाच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये अरुण सुब्रमण्यन आले.

प्रश्न: खटल्याचे व्हिडिओ का दिसत नाहीत, नुसती चित्रं का दाखवतात?

फेडरल फौजदारी खटल्यात कॅमेऱ्याला नियमानेच बंदी आहे, १९४६ पासून. म्हणून चित्रकार बसतात. पण कोर्टात जाऊन बसायला कोणालाही मोकळीक आहे, आणि कागदपत्रं पेसर नावाच्या सरकारी साइटवर मिळतात, पानाला दहा सेंट, तीन महिन्यांत बिल तीस डॉलरच्या आत राहिलं तर माफ. माझ्या मते सरकारी कागद वाचायला पैसे लागूच नयेत.

प्रश्न: या जजांना धमक्या येतात असं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे आणि फार गंभीर आहे. १९७९ मध्ये टेक्सासचे जॉन वूड यांना घराबाहेर गोळी घालून मारलं, ड्रग्जच्या केसमधल्या आरोपीने सुपारी दिली होती. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीच्या एस्तेर सालास यांच्या घरी कुरियरवाला बनून एक माणूस आला, त्यांच्यापुढे केस चालवलेला एक वकील. दार उघडलं त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाने, डॅनियलने. गोळीबारात डॅनियल गेला, वडील गंभीर जखमी झाले. त्या बाईंनी नंतर हार मानली नाही, जजांचे घरचे पत्ते इंटरनेटवरून हटवता यावेत म्हणून सारखा पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुलाच्या नावाने कायदा झाला. निकाल आवडला नाही तर अपील करा, टीका करा, लेख लिहा, पण घरचा पत्ता फॉरवर्ड करणाऱ्या पोस्ट पुढे ढकलू नका, अगदी ग्रुपवर आल्या तरी.

प्रश्न: भाऊ ग्रीन कार्डवर आहे, त्याला फेडरल कोर्टाचं ज्युरीसाठी पत्र आलंय. दुर्लक्ष केलं तर चालेल का?

अजिबात नाही दादा. ज्युरीत फक्त नागरिक बसू शकतात, त्यामुळे त्याला बसावं लागणार नाही, पण हे त्याने कोर्टाला कळवायला हवं. सोबतचा फॉर्म भरायचा, नागरिक नाही तिथे खूण करायची आणि मुदतीत परत पाठवायचा. आणि चुकूनही नागरिक असल्याची खूण करू नये, नंतर इमिग्रेशनमध्ये ते फार महागात पडतं. बोलावणं आलं आणि कारण नसताना कोणी गेलंच नाही तर १,००० डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत तुरुंग किंवा समाजसेवा अशी तरतूद आहे.

आणखी एक, ज्युरीला आला नाहीस म्हणून अटक होणार, आत्ता पैसे भर असे फोन येतात ते फसवणुकीचे असतात. फेडरल कोर्ट फोनवर पैसे किंवा कार्ड नंबर मागत नाही. असा फोन आला तर ठेवून द्या आणि कोर्टाच्या साइटवरचा क्लर्क ऑफिसचा नंबर बघून स्वतः विचारा.